पेटी टेबलाखाली आहे

हॅलिफॅक्स
रविवार, ५ ऑक्टोबर १९८६

बाबा,

तुमचा चष्मा आणि खोकल्याचं औषध मेबलआत्याच्या पत्त्यावर वेगळ्या पार्सलनं पाठवलं आहे. बाटली फुटू नये म्हणून मोज्यांत गुंडाळली. मोजे तुमचेच आहेत. दूधवाल्याला आता एकच बाटली टाकायला सांगितलं. जाताना तुम्ही मागचं दार नुसतं लोटून गेला होतात. रात्रभर ते वाऱ्यानं आपटत होतं.

तुम्ही स्कारबरोला बहिणीकडे निघून गेलात हे मला स्टॅनकाकांकडून कळलं. आपण दोघं एका घरात राहतो आणि एकाच कारखान्यात काम करतो. असं असताना ही बातमी तुमच्या शेजारच्या बाकावरच्या माणसानं मला द्यावी, हे बरं दिसलं नाही.

गुरुवारबद्दल थोडक्यात लिहिते. नवे संचालक, पेम्बर्टन, स्वीडनच्या गिऱ्हाइकांना शेड दाखवत होते. मापनकक्षाच्या वतीनं मी बरोबर होते, कारण आपल्या लेथची अचूकता आपण कशी तपासतो हे त्यांना मीच समजावत होते. तुम्ही लेथच्या पोटातून डोकं बाहेर काढलंत आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आली बघा, आमची शहाणी बगर!" पाहुण्यांपैकी एकानं दुसऱ्याला त्या शब्दाचा अर्थ विचारला. दुर्दैवानं दुसऱ्याला तो ठाऊक होता.

कारखान्यात तो शिवीचा शब्द माझ्यासाठी वापरू नका, हे मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही "बरं बाई" म्हणाला होतात.

तुम्हाला मिळालेली लेखी ताकीद ही नेहमीची पद्धत आहे. तिचा इतका बाऊ करून, चालू पाळीत एप्रन खुंटीला टांगून निघून जाणं मला पटलेलं नाही. एकतीस तारखेला तुम्ही निवृत्त होणार. त्यानंतर त्या कागदाला कोण विचारतं? लवकर परत या.

ज्युडिथ


हॅलिफॅक्स
गुरुवार, ९ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं उत्तर नाही. मेबलआत्याचं कार्ड आलं, वाळूत गाढवं उभी असलेलं. "विल्फ ठीक आहे. दिवसभर धक्क्यावर उभा राहून समुद्राला शिव्या घालतो. जेवण व्यवस्थित," एवढाच मजकूर.

काल स्टॅनकाका मापनकक्षाच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायचं तर बुटांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागतात, हे त्यांना माहीत आहे.

"आत येऊ, की मला आधी उकळून घेणार आहेस?" म्हणाले.

मी म्हटलं, "मि. अटली, काम काय आहे?" कारखान्यात मी त्यांना असंच म्हणते. या माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे.

"काम असं आहे, मिस ग्रीनवुड, की एकतीस तारखेला विल्फला ठोकून काढायचंय. पोरं विचारतायत. माणूसच हजर नसेल तर ठोकायचं कुणासाठी? त्याच्या खुंटीसाठी?"

"मी लिहिलंय त्यांना."

"नुसतं लिहू नकोस. जे लिहायला पाहिजे ते लिही."

ते गेल्यावर मी बराच वेळ एकच माप पुन्हा पुन्हा घेत होते.

ठोकणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. आई परसात कपडे वाळत घालत असायची आणि खाली दरीतून तो आवाज यायचा. हातोड्या, पाने, सळया, हाताला येईल ते लोखंड हाताला येईल त्या लोखंडावर. आई तोंडातला चिमटा काढून म्हणायची, "आज कोण सुटला?" जोसेफ नटर निवृत्त झाला तेव्हा छपराच्या काचा तडकल्या, हे तुम्ही अजून सांगता. आणि त्या फोरमनचंही सांगता, ज्याच्या वेळी एकही हातोडी उचलली गेली नाही आणि जो बाकापासून फाटकापर्यंत स्वतःच्याच बुटांचा आवाज ऐकत गेला. जेवताना तुम्ही त्या बुटांची नक्कल टेबलावर बोटांनी करून दाखवायचात.

शब्दाबद्दल. मी सात वर्षांची असताना रविवारच्या शाळेत माझ्या हातून दूध सांडलं आणि मी तो शब्द वापरला. तिथल्या बाई, मिस ड्यूहर्स्ट, मला हाताला धरून घरी घेऊन आल्या. आईनं माझं तोंड साबणानं धुतलं. तुम्ही मात्र विचारलंत, "किती सांडलं?" मी म्हटलं, सगळं. "मग बरोबर वापरला की पोरीनं. ग्लासात बगर उरलं असणार." आई तुमच्यावरही साबण घेऊन धावली होती. मला ते आवडलं होतं. पुढे पॉलिटेक्निकला गेल्यावर आवडेनासं झालं. तिथे वर्गात मी एकटी मुलगी होते आणि तोंड उघडलं की मुलं माझ्या बोलीची नक्कल करायची. मी तीन महिने जवळजवळ गप्प राहिले आणि मग दुसऱ्या भाषेत बोलायला लागले.

हे काही स्पष्टीकरण म्हणून लिहीत नाही.

पेम्बर्टननी मला तुमच्याविषयी एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं मोघम उत्तर दिलं, एवढंच घडलं.

ज्युडिथ


हॅलिफॅक्स
मंगळवार, १४ ऑक्टोबर

बाबा,

माझ्या हातून एक चूक झाली आहे. ही नवीन आहे.

तुम्ही येत नाही असं दिसल्यावर मला वाटलं, निदान तुमची हत्यारं तरी सुरक्षित असावीत. तुम्ही उमेदवारीत स्वतः बनवलेली ओकची पेटी बाकावर उघडी पडलेली, आजूबाजूला सगळी माणसं. मी रीतसर फाटक-पास भरला, भांडारातून रबरी चाकांची गाडी घेतली आणि आज दुपारच्या सुट्टीआधी शेडमध्ये गेले. पेटी जड आहे. मी ती बाकाच्या कडेवरून सरकवत गाडीवर घेतली. कोपरा कुठेही लागला नाही.

गाडी निघाली आणि शेवटच्या लेथवरचा आवाज थांबला. मग त्याच्या शेजारचा. मला वाटलं, सुट्टीचा भोंगा मला ऐकू आला नसेल. मी ढकलत राहिले. दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या मशीनपासून एक पाऊल मागे होऊन उभी राहिली. कुणी बोलेना. म्हाताऱ्या ओल्ड्रॉइडनं टोपी काढून छातीशी धरली. त्याचं बघून पलीकडच्या दोघांनी काढल्या. मी मनात म्हटलं, हे मला लाजवायला चाललंय. आणि मान ताठ ठेवून, पांढऱ्या कोटात, तुमची पेटी घेऊन मी त्या सगळ्यांच्या मधून फाटकापर्यंत गेले.

फाटकाशी स्टॅनकाका धावत आले.

"कधी गेला? कुणी कळवलं?"

"कोण गेलं?"

"कोण काय विचारतेस! विल्फ!"

"ते स्कारबरोला आहेत. आत्याचं कार्ड आलंय."

ते गाडीच्या दांड्याला धरून जरा वेळ वाकूनच उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, या फाटकातून पेटी मालकाशिवाय बाहेर जाते ती एकाच कारणानं. हॅरी पिकल्सची गेली. त्या क्रेनखालच्या पोराची गेली. तू आत्ता तुझ्या बापाची अंत्ययात्रा काढलीस. भर दुपारी, रबरी चाकांवर."

मला माहीत नव्हतं, बाबा. ठोकणी दरीवरून ऐकू येते. हे ऐकू येत नाही, म्हणून घरी बसून कधी कळलं नाही. आणि चार वर्षं त्याच छपराखाली काम करून मी कधी विचारलंही नाही.

स्टॅनकाका आत जाऊन मशीनवर चढले आणि ओरडले, "जिवंत आहे रे बगर! समुद्रावर हवा खातोय!" तेव्हा कुणीतरी हसलं. पण हसणारे थोडे होते. पास झालेला होता, पेटी फाटकाबाहेर गेलेली होती. ती पुन्हा आत नेऊन ठेव असं मला कुणी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

पेटी स्वयंपाकघरात टेबलाखाली आहे. मी ती उघडलेली नाही.

ज्युडिथ


हॅलिफॅक्स
रविवार, १९ ऑक्टोबर

बाबा,

नऊ तारखेच्या पत्रात मी 'मोघम उत्तर' असं लिहिलं. ते दुरुस्त करते. माझं उत्तर मोघम नव्हतं.

पेम्बर्टननी तुमच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, माझ्या कोटावरची वाचली आणि हसून विचारलं, "ग्रीनवुड? तुमचे कुणी लागतात का?"

मी म्हणाले, "नाही. या खोऱ्यात दगड मारला तरी ग्रीनवुडला लागतो."

पाहुणे हसले. वाक्य चांगलं जमलं होतं. मला त्या क्षणी ते जमल्याचं बरंही वाटलं.

तुम्ही चार फुटांवर होतात. कापडाला हात पुसत होतात, आणि पुसायचे थांबलात. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार आणि मी उघडी पडणार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पेम्बर्टनकडे. आणि म्हणालात, "बाईसाहेबांचं बरोबर आहे. त्यांचा नि माझा बगर संबंध."

मला 'बाईसाहेब' म्हणालात.

ताकीद पहिल्या वाक्याबद्दल नाही, या वाक्याबद्दल आहे. पाहुण्यांसमोर उर्मट भाषा, महिला अधिकाऱ्याचा उपमर्द. कागद माझ्या टेबलावरून गेला. त्यावर 'उपमर्द झालेली व्यक्ती' या रकान्यात माझं नाव होतं आणि मी काही न बोलता तो पुढे पाठवला.

तुम्ही माझं खोटं उचलून धरलंत आणि त्याचीच तुम्हाला शिक्षा झाली. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पाच तारखेचं पत्र लिहितानाही कळत होतं. दार लोटून गेलात वगैरे मी लिहिलं ते कळत असतानाच लिहिलं.

स्टॅनकाकांनी युनियनतर्फे ताकिदीविरुद्ध दाद मागितली आहे. बुधवारी सुनावणी आहे. मी त्यांना म्हटलं, मला येऊन बोलायचंय.

"काय बोलणार?"

"शब्दाविषयी. त्या शब्दात उपमर्द नव्हता, हे सिद्ध करता येईल. मी टिपण तयार करते."

"टिपण," स्टॅनकाका म्हणाले. "बरं. कर टिपण."

ज्युडिथ


हॅलिफॅक्स
गुरुवार, २३ ऑक्टोबर

बाबा,

ताकीद मागे घेतली गेली. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवू शकाल.

खोलीत पेम्बर्टन, स्टॅनकाका, मी आणि लघुलेखनाला मिसेस लम. पेम्बर्टनांसमोर शब्दकोश होता, खूण घातलेला.

"पहिला अर्थ मी पाहिलाय, मिस ग्रीनवुड. पुरुषानं पुरुषाशी करायचा गुन्हा. एके काळी त्याबद्दल फाशी होती."

"तो अर्थ तुमच्याकडे दक्षिणेत असेल, साहेब," स्टॅनकाका म्हणाले. "आमच्याकडे लोकांना तेवढी सवड नसते."

मी उभी राहून वाचायला लागले. मशीन बगर झालं, म्हणजे बंद पडलं, पण दुरुस्त होईल. पार बगर झालं, म्हणजे भंगारात. माणूस बगर झाला, म्हणजे दमला. त्याला चहा द्यावा. डब्यात बगर आहे, म्हणजे डबा रिकामा. बगरपणा करू नका, म्हणजे वेळ घालवू नका. "जा, बगर" खालच्या पट्टीत म्हटलं तर चालते व्हा, आणि वरच्या पट्टीत म्हटलं तर "काय सांगतोस, खरंच?"

मिसेस लम यांनी पेन्सिल वर केली. "माफ करा, दर वेळी पूर्ण लिहू, की नुसतं 'ब' चालेल?"

"पूर्ण लिहा," स्टॅनकाका म्हणाले. "नोंद स्वच्छ राहू दे."

मी पुढे वाचलं, की आधी विशेषण लागलं की ती शिवी उरत नाही. विशेषण जितकं वाईट तितकी माया जास्त. 'म्हातारा बगर' हा मान आहे, तो मिळायला वर्षं लागतात. 'वेडा बगर' फक्त मित्राला. 'लहान बगर' कुत्र्याला किंवा स्वतःच्या पोराला, परक्याच्या नाही. 'शहाणी बगर' हा प्रयोग मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. तो जिच्याविषयी केला जातो तिचा बोलणाऱ्याला अभिमान असतो, असं मी लिहिलं होतं. ते वाचताना माझा आवाज नीट राहिला. मी त्याची काळजी घेतली होती.

पेम्बर्टन ऐकत होते. त्यांना मजा वाटत होती असं मला वाटतं. मी खाली बसत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "उत्तम. पण एका फिटरच्या बोलण्याचा इतका बारीक अभ्यास तुम्ही केला कधी?"

टिपणात याचं उत्तर नव्हतं.

"त्यांच्या घरात वाढताना," मी म्हणाले. "ते माझे वडील आहेत."

मिसेस लमची पेन्सिल थांबली.

"तुम्ही मला सांगितलं होतं, की नात्यातले नाहीत."

"खोटं सांगितलं होतं."

"कशासाठी?"

"पाहुणे होते."

पेम्बर्टननी शब्दकोश मिटला. म्हणाले, "त्यांची ताकीद मागे घेतो. तुमच्याबाबत काय करायचं ते मला नियमावलीत सापडत नाही." आणि पुढे, "तुम्हाला सापडलं तर कळवा."

हे धैर्य होतं असं समजू नका. मी टिपण लिहिलं तेच मुळी तो प्रश्न येऊ नये म्हणून. शब्द निर्दोष ठरला की माणसाकडे कुणी बघणार नाही, असा माझा हिशेब होता. त्यांनी विचारलं नसतं तर मी बसले असते, आणि तुमची ताकीद मागे घेऊन दिली म्हणून तुम्हाला ऐटीत पत्र लिहिलं असतं.

एक उपयोग मी टिपणातून मुद्दाम गाळला. इस्पितळात आई गेली तेव्हा तुम्ही तिच्या कपाळावरचे केस मागे सारलेत आणि म्हणालात, "सुटली बिचारी बगर." तिथे नर्स होती. तिनं वर पाहिलं. मी तुमच्या बाजूला उभी होते आणि मी त्या नर्सकडे बघून, तुमच्या वतीनं माफी मागावी तसं, किंचित हसले. तुम्ही ते पाहिलंत की नाही मला माहीत नाही. त्या क्षणाला तो शब्द सोडून दुसरा शब्द शोभला नसता, हे मला आता कळतं असं लिहिणार होते. पण तेव्हाही कळलं होतं.

ज्युडिथ


हॅलिफॅक्स
मंगळवार, २८ ऑक्टोबर

बाबा,

मेबलआत्याचं दुसरं कार्ड आलं. "तुझी पत्रं तो वाचतो. उत्तर काय देऊ विचारलं तर म्हणाला, बगर. माझे सगळे काटेचमचे घासून झाले, आता दाराच्या मुठी काढून पॉलिश करतोय. घेऊन जा याला."

काल चहाच्या सुट्टीत शेडमध्ये वाद झाला. मी मापन घ्यायला खाली गेले होते. माझ्या येण्यानं कुणी गप्प झालं नाही, म्हणून ऐकू आलं. ओल्ड्रॉइडचं म्हणणं, की पेटी एकदा तशी बाहेर गेली म्हणजे गेली. माणूस जिवंत आहे ही त्याची खासगी बाब. दुसरा म्हणाला, पेटी गेली तेव्हा टोप्या काढल्या होत्या, आता त्याच माणसाला ठोकून काढणं बरं दिसेल का? तिसऱ्याला भीती, की अपशकुन होईल. असं आधी कधी घडलेलंच नाही.

शेवटी स्टॅनकाका म्हणाले, "मेलेला माणूस स्वतःची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन फाटकात आला, तर तुम्ही काय त्या बगरला परत पाठवणार?"

यावर ओल्ड्रॉइडनं विचार केला आणि "नाही," म्हणाला. "पण आणायला त्यानं स्वतः पाहिजे."

तेव्हा असं ठरलं आहे. पेटी तुम्हीच आत न्यायची, आपल्या बाकावर ठेवायची, शुक्रवारची पाळी भरायची आणि तुम्हीच ती बाहेर घेऊन यायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर ठोकणी नाही. मी ती तुम्हाला स्कारबरोला पाठवू शकते, रेल्वेनं दोन दिवसांत पोचेल. पण पाठवणार नाही. माझ्या हातून ती आणखी कुठेही जाणार नाही.

तुम्ही माझ्याकरता यावं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला मला जागा नाही. तुम्ही त्या फोरमनसारखे आपल्याच बुटांचा आवाज ऐकत गेला नाहीत. तुम्ही तर तोही आवाज न करता मागच्या दारानं गेलात. तुमच्या आयुष्यभराच्या कामाचा शेवट तो असू नये. तो माझ्यामुळे तसा झाला.

किल्ली कोळशाच्या खोलीत, नेहमीच्या विटेखाली. शुक्रवारी पहाटे मी तुमच्याआधी घरून निघेन, म्हणजे तुम्हाला माझ्याशी बोलावं लागणार नाही. कारखान्यात मी वर माझ्या खोलीत असेन. पांढरे कोटवाले ठोकणीला खाली येत नाहीत, तेव्हा तिथेही नाही.

ज्युडिथ


हॅलिफॅक्स
रविवार, २ नोव्हेंबर

बाबा,

तुम्ही आतून चालत होतात, त्यामुळे बाहेरून काय दिसलं ते तुम्हाला माहीत नसेल. म्हणून लिहिते.

सकाळी तुम्ही पेटी खांद्यावर घेऊन फाटकातून आलात ते मी वरच्या जिन्यातून पाहिलं. पहारेकऱ्यानं वाकून तुमच्या पायांकडे बघितलं. बहुधा सावली पडते का ते पाहत असावा. स्टॅनकाका हात द्यायला पुढे झाले तेव्हा तुम्ही जे बोललात ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. ते टिपणात नव्हतं. भर घालते.

दुपारी स्टॅनकाका माझ्या दारात आले. बुटांवर पिशव्या न चढवता सरळ आत आले आणि माझ्या टेबलावर, मापाच्या काचेच्या पट्ट्यांशेजारी, एक हातोडी ठेवली. तेलकट, दांड्याला चिंधी गुंडाळलेली.

"हे काय, स्टॅनकाका?"

"हातोडी. शिकली-सवरलेली माणसं आहात, ओळखायला पाहिजे."

"पांढरे कोट ठोकत नाहीत."

"पोरी ठोकतात का ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "इथे आजवर कुणाची पोरगी नव्हती." आणि गेले. फरशीवर त्यांच्या बुटांचे डाग आहेत. मी अजून पुसलेले नाहीत.

भोंगा व्हायच्या जरा आधी तुमच्या बाकाकडून पहिला ठोका आला. एकच पाना, बाकाला जडवलेल्या लोखंडी शेगड्यावर. मग दुसरा. मग ओल्ड्रॉइड. मग कोण कुठला ते कळेना. माझ्या टेबलावरच्या मापकाची सुई थरथरायला लागली. ती हलली की काम थांबवायचं, असा माझ्या खोलीचा नियम आहे. मी काम थांबवलं. माझ्या खोलीत ठोकण्याजोगं काही नाही. ग्रॅनाइट वाजत नाही आणि बाकी सगळं असं आहे, की त्याला बोट लागलं तरी बिघडतं. फक्त काचेच्या खिडकीखाली खोली गरम ठेवणारा बिडाचा जुना रेडिएटर आहे.

पहिला ठोका चुकला. रंगाचा मोठा पोपडा उडाला आणि माझ्या कोटावर पडला. दुसरा बसला. शेजारच्या खोलीतून ड्रॉइंगवाले दारात आले आणि बघत राहिले. पेम्बर्टनही मागे होते. मी थांबले नाही. माझी सगळी मापं बिघडली आहेत. उद्यापासून प्रत्येक पट्टी पुन्हा तपासावी लागेल, त्यात आठवडा जाईल.

तुम्ही मधल्या वाटेनं आलात. पेटी उजव्या खांद्यावर, मान त्यामुळे डावीकडे. माझ्या खिडकीसमोर थांबलात. मला वाटलं होतं, तुम्ही वर बघणार नाही. तुम्ही बघितलंत. माझ्या हातातल्या हातोडीकडे बघितलंत, ती मी दांड्याच्या फार वर धरली होती. तुम्ही मला लहानपणी शंभरदा सांगितलंय, टोकाशी धर. आणि तुम्ही काहीतरी बोललात.

काच दुहेरी आहे आणि शेडमध्ये दोनशे माणसं लोखंड बडवत होती. मला फक्त तुमचे ओठ मिटलेले आणि उघडलेले दिसले. शब्द कोणता ते कळलं. आवाज आला नाही, त्यामुळे कुठल्या पट्टीत म्हणालात, आधी काही लावलं होतं की नाही, ते कळलं नाही. तुम्ही हसला नव्हतात. मग पेटी सावरून पुढे गेलात आणि माझा हात पुन्हा ठोकायला लागला होता.

संध्याकाळी मी मटण भरून भाजलेली पाई आणि वाटाणे करून ठेवले होते. स्टॅनकाका दारात आले, एकटेच. म्हणाले, "पबमधून सरळ स्टेशनवर गेला. पेटी घेऊन. मी म्हटलं, आज तरी घरी जा. ऐकलं नाही."

"काही म्हणाले?"

"पोरगी डावखुऱ्यासारखी ठोकते म्हणाला."

मी पाई त्यांना वाढली. त्यांनी सगळी खाल्ली.

तुम्ही काचेपलीकडून काय म्हणालात ते मी विचारत नाही. माझ्या वाट्याला जो अर्थ यायला हवा, खालच्या पट्टीतला, तो मला ठाऊक आहे, आणि मी तोच धरून चालले आहे. तो चुकीचा असेल तर तुम्ही येऊन सांगाल. टेबलाखालची जागा मी मोकळी ठेवली आहे. मागच्या दाराला आतून कडी लावत नाही.

तुमची मुलगी,
ज्युडिथ ग्रीनवुड